तरवडाच्या वाटेनं: सातारा ते जत

दिवाळी उलटून महिनाभर झाला की तरवडाकडे, कोरड्या माळावरच्या पिवळ्या फुलांच्या त्या झुडपाकडे, जाण्याची वेळ होते. फुलांचा मुख्य बहर भाद्रपद-आश्विनात येतो, पण बी हवं असेल तर मार्गशीर्ष बरा. एकाच झुडपावर शेंड्याला उरलीसुरली पिवळी फुलं, मधे हिरव्या शेंगा आणि खाली वाळलेल्या शेंगा असं सगळं एकत्र पाहायला मिळतं. फक्त तिथी बघून निघावं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि वद्य पक्षाच्या शेवटी पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते. त्या दिवसांत सातारा-पंढरपूर रस्त्यावर गाडी थांबवून झुडूप न्याहाळणं सोडाच, गाडी पुढे काढणंही कठीण.

पहिला दिवस: सातारा, कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव

साताऱ्यातून पश्चिमेला गेलं तर तरवडाशी गाठ पडत नाही. कासच्या पठारावर तो शोधू नये. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पाऊणशे-शंभर किलोमीटर पूर्वेला माणमध्ये तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक, आणि तरवड त्यातल्या कोरड्या बाजूचा. म्हणून गाडी कोरेगावच्या दिशेला वळवायची.

कोरेगाव ओलांडून वर्धनगडाचा घाट चढू लागलं की कडेच्या मुरमाड उतारावर पहिली झुडपं दिसतात. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत. बुंधा असा एक नसतो, जमिनीलगतच पाच-सात फांद्या फुटलेल्या असतात. साल दालचिनीच्या रंगाची, बारीक ठिपक्यांची. वर्धनगडाच्या पायथ्याच्या गावात गाडी ठेवून गडाच्या वाटेनं अर्धा तास चढलं तरी ओळख पक्की करायला पुरेशी झुडपं मिळतात.

ओळख पक्की करणं जरुरीचं आहे, कारण पिवळ्या फुलांची ही भावकी मोठी. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला काशीद याच कुळातला, पण तो झाड आहे. शेताच्या बांधावर पावसाळ्यात माजणारा टाकळा गुडघ्याएवढा, त्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानुल्यांच्या, तीनच जोड्या आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंदा उकिरड्याजवळ उगवतो, त्याची पानं टोकाला निमुळती आणि चुरगळली की उग्र वास येतो. तरवडाची खूण फुलात नाही, पानाच्या देठाशी आहे. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे कानाच्या पाळीसारखी दोन रुंद, हिरवी उपपर्णं असतात आणि ती गळून न जाता टिकून राहतात. 'ऑरिक्युलाटा' हे त्याचं शास्त्रीय नाव याच कानांवरून पडलं. दुसरी खूण बघायला पान उताणं धरून उजेडाकडे करावं. पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक जोडीच्या मधोमध एक उभी, बारीक ग्रंथी असते. टाकळ्याला ती खालच्या एक-दोन जोड्यांतच, कासविंद्याला देठाच्या बुडाशी एकच, काशीदला नाहीच. या ग्रंथीतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तो चाटायला येतात. झुडपावर मुंग्या दिसल्या म्हणून कीड लागली असं समजून फवारणी करणारे आहेत. ती करू नये.

पुसेगावात मुक्काम सोयीचा. संध्याकाळी वेळ उरला तर नेरच्या तलावाकडे जावं, पण तरवडासाठी नव्हे. तलावाकाठच्या ओलीत तो नसतो.

दुसरा दिवस: पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड

पहाटे लवकर निघण्याला कारण आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. माशीला मिळतो तो फक्त पराग, आणि तोही मोकळा नाही. फुलात दहा पुंकेसर असतात. वरचे तीन खुरटे, वांझ. उरलेल्या सातांच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. साधी मधमाशी येऊन फुलावर बसली तरी पराग बाहेर पडत नाही. काळा सुतारभुंगा येतो, पुंकेसरांना मिठी घालतो आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतो. त्या थरथरीनं पराग उडतो. कान दिला तर उडतानाचा गुंजारव आणि फुलावरचा जास्त तिखट आवाज यांतला फरक ऐकू येतो. हे सगळं सकाळी चालतं. ऊन चढलं की पराग संपलेला असतो आणि भुंगेही पांगतात. पुसेगाव ते महिमानगड या पट्ट्यात रस्त्यापासून शंभर पावलं आत जाऊन एखाद्या फुललेल्या झुडपाशी पाऊणतास बसावं. मोटारींच्या आवाजात हे कळत नाही.

याचा व्यवहाराशी संबंध आहे. अंगणात किंवा शाळेच्या कुंपणाला एकुलता एक तरवड लावतात, तो भरभरून फुलतो आणि शेंगा मात्र चार-दोन धरतो, अशी तक्रार असते. आसपास सुतारभुंगे नसले तर असंच होणार. ते वाळक्या लाकडात, जुन्या बांबूत, मांडवाच्या डांबांत भोकं पाडून राहतात. परिसर साफ करताना सगळं वाळकं लाकूड जाळून टाकलं की त्यांचं घर जातं.

दहिवडीच्या अलीकडे माळरान सुरू होतं आणि तरवड गर्दीनं दिसू लागतो. ही गर्दी बघून आनंद होण्याआधी जमिनीकडे बघावं. शेळ्या-मेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. माण-खटाव हा मेंढपाळांचा मुलूख. चराई वर्षानुवर्षं सुरू आहे. बोर, हेंकळ, कोवळी बाभूळ, गवत सगळं ओरबाडलं जातं आणि तरवड तेवढा उभा राहतो. त्यामुळे नुसता तरवडच तरवड आणि मधे उघडा मुरूम असं दृश्य असेल तर ते रान थकलेलं आहे. पण झुडपाच्या आत, फांद्या बाजूला सारून बघितलं तर गोष्ट वेगळी असते. शेळीचं तोंड आत जात नाही, सावलीनं ओल चार दिवस जास्त टिकते, पडलेल्या पानांचा थर असतो. तिथे कुसळी गवताचे ठोंब, बोराची रोपं, कधी हिवराचं पोर सापडतं. गोंदवल्याकडे जाताना डाव्या-उजव्या हातच्या टेकाडांवर अशी पाहणी करत जावं. तरवड हा माळ बिघडल्याची खूणही आहे आणि माळ सावरायची सुरुवातही तिथूनच होते. दोन्ही एकाच झुडपात बघायला मिळतं. ते 'निरुपयोगी झुडूप' म्हणून उपटून तिथे रोपं लावणाऱ्यांना म्हणूनच आमचा विरोध. रोप लावायचंच तर तरवडाच्या उत्तर-पूर्व अंगाला, फांद्यांच्या कडेला लावावं. दुपारनंतरच्या कडक उन्हाची सावली फुकट मिळते आणि शेळीपासून आडोसाही.

गावालगतच्या झुडपांवर शेंगा कमी दिसतात, त्यामागे नवरात्र आहे. घटाला रोज माळ चढते आणि या भागात तरवडाची पिवळी फुलं त्यासाठी आवर्जून तोडली जातात. पहिल्या बहराचा मोठा वाटा देवीला जातो. बी गोळा करायचं तर गावापासून लांबचा माळ गाठावा. तेलंगणात बतुकम्माच्या रचनेत हेच फूल असतं आणि त्या राज्यानं ते राज्यपुष्प केलं आहे. आपल्याकडे त्याला असा मान नाही, पण माळ आहे.

म्हसवडला पोचेपर्यंत दुपार टळते. सिद्धनाथाचं दर्शन, माणगंगेचं कोरडं पात्र आणि रात्रीची ज्वारीची भाकरी. बाकी इथे थांबण्यासारखं तरवडाच्या बाबतीत काही नाही.

तिसरा दिवस: म्हसवड, दिघंची, आटपाडी, खरसुंडी

हा दिवस बी गोळा करण्याचा. म्हसवडहून दिघंचीकडे निघालं की सातारा जिल्हा मागे पडतो आणि सांगलीतला आटपाडी तालुका लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गायरानं आणि मधे डाळिंबाच्या बागा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून बागा वाढल्या, बांध सपाट झाले आणि बांधावरचा तरवड गेला. आता तो गायरानात आणि ओढ्याच्या काठच्या उंच मुरमावर उरला आहे. खासगी बांधावरून घ्यायचं तर मालकाला विचारून घ्यावं, कोणी नाही म्हणत नाही, उलट "कशाला पाहिजे हो?" असा प्रश्न येतो.

शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटाएवढी लांब. आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून मोजता येतात, दहा ते वीस भरतात. हिरवी शेंग घेऊ नये, बी आत सुरकुततं. पूर्ण तपकिरी झालेली आणि हलवली की खुळखुळणारी घ्यावी. तरवडाची शेंग तडकून बी उधळत नाही, महिनोन्‌महिने झाडावर लटकत राहते. म्हणून लोक निवांत असतात आणि फाल्गुनात जातात. तोवर भुंगेऱ्यानं काम केलेलं असतं. तूर-हरभऱ्याला लागतो त्याच जातकुळीचा हा किडा हिरव्या शेंगेवर अंडी घालतो, अळी बियात शिरते आणि मोठी होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. शेंगेवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर ती शेंग तिथेच सोडावी. जितका उशीर तितकी भोकं जास्त.

एका झुडपावरून सगळ्या शेंगा ओरबाडू नयेत. निदान वीस-पंचवीस झुडपांवरून, प्रत्येकाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, असं घ्यावं. एकाच झुडपाचं बी लावलं तर उद्याचं सगळं कुंपण एकाच आईचं होतं. एक दुष्काळ किंवा एक रोग सगळ्यांना सारखाच बाधतो. पिशवी कापडी हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत शेंगांना घाम सुटतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बुरशीचा वास यायला लागतो. विळ्यानं फांदी कापायची गरज नाही, शेंगेचा घोस हातानं मोडतो.

आटपाडीच्या पुढे खरसुंडीकडे जाताना जुन्या झुडपांच्या बुंध्यावर साल सोललेली दिसली तर ती दातणासाठी किंवा औषधासाठी काढलेली असते. एके काळी ही साल मोठ्या व्यापाराचा माल होती. तिच्यात टॅनिन भरपूर, आणि दक्षिणेत, विशेषतः मद्रासकडे, चामडं कमावायला तीच वापरत. पुढे दक्षिण आफ्रिकेतून बाभळीच्या कुळातल्या वॅटलची साल स्वस्तात येऊ लागली आणि तरवड मागे पडला. कसब जाणणाऱ्यांना त्यातली एक खोड ठाऊक असते: तरवडावर कमावलेलं कातडं आधी छान फिकट दिसतं, पण उजेडात लालसर होत जातं. ते टाळायला शेवटी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. साल काढायची पद्धत अशी की दोन-तीन वर्षांच्या फांद्या कापून घ्यायच्या, लाकडी मोगरीनं ठोकायच्या म्हणजे साल सुटते, आणि ती सावलीत वाळवायची. लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. टॅनिनला लोखंड लागलं की निळा-काळा रंग धरतो आणि कातड्यावर डाग पडतात. उभ्या झुडपाची साल भोवतालून सोलली तर ती फांदी वाळते. कापलेली फांदी मात्र बुडातून पुन्हा फुटते. म्हणून सोलण्यापेक्षा कापणं बरं.

खरसुंडी खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. इथे मुक्काम, आणि रात्री शेंगा वर्तमानपत्रावर पसरून ठेवायच्या.

चौथा दिवस: भिवघाट, विटा, देवराष्ट्रे, सागरेश्वर

भिवघाटातून विट्याकडे उतरताना तरवड विरळ होतो आणि देवराष्ट्र्याच्या बाजूला शेतीचा हिरवा पट्टा लागतो. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. लगतच सागरेश्वर अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. उघड्या बोडक्या डोंगरांवर लोकांच्या प्रयत्नातून उभं राहिलेलं हे रान, आणि त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव घेतलं जातं. रेल्वेनं येणाऱ्यांना ताकारी स्टेशन जवळचं.

अभयारण्यातून एक शेंगही उचलायची नाही. कायद्यानं बंदी आहे आणि ती पाळावी. इथे यायचं ते तुलनेसाठी. चराई थांबल्यावर तरवडाचं काय होतं ते कडेच्या उतारांवर कळतं. झाडांची सावली दाटली तिथे तो उंच, लुकडा होतो, फुलं शेंड्याला दोन-चार, आणि हळूहळू मरतो. त्याला उघडं आकाश लागतं. म्हणजे माळावर झाडी वाढली की तो आपोआप मागे सरतो. तो झाडांना वाढू देत नाही ही समजूत चुकीची.

पानं निरखताना खालच्या बाजूला उभं, पांढरट, तांदळाच्या कणीएवढं एकेकटं अंडं दिसलं तर ते फुलपाखराचं. हिरवी अळी पानाच्या मधल्या दांड्यावर लांबट पडून राहते, सहज दिसत नाही. पावसाळ्यानंतर एखाद्या झुडपाची अर्धी पानं ती फस्त करते. काही फवारू नये, पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते.

पाचवा दिवस: दंडोबा, कवठे महांकाळ, जत

सकाळी मिरज-पंढरपूर रस्त्यावरून दंडोबाच्या डोंगराला जावं. वर गुहेतलं देऊळ आहे, पायऱ्या चढायला सोप्या. पायथ्याशी गिरिपुष्पाची लागवड आणि त्याच्या कडेला आपोआप आलेला तरवड यांची शेजारी शेजारी पाहणी होते. गिरिपुष्प भराभर वाढतं, हे खरं. ते मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र धरतं, हेही खरं. तरवड शेंगांच्या कुळातला असूनही मुळांवर गाठी धरत नाही. त्यामुळे हिरवळीचं खत म्हणून त्याचा पाला शेतात गाडला तर नत्र मिळतो तो माळाच्या मातीतून उचललेलाच. माळाचं देणं शेताला जातं एवढंच. पाला दरवर्षी एकाच माळावरून नेऊ नये, तो माळ आणखी हलका होतो. हे तरवडाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही मान्य करावं.

कवठे महांकाळहून जतकडे पाऊस आणखी कमी. पण रस्त्याकडेचा तरवड इथेही तग धरून आहे, खुजा आणि दाट. मुक्कामाला बियांचं काम उरकायचं.

शेंगा तीन-चार दिवस उन्हात कडक वाळवाव्यात, गोणपाटात घालून काठीनं झोडाव्यात आणि सुपानं पाखडाव्यात. बी गडद तपकिरी, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. मग पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकावं. ते पोखरलेलं असतं. बुडालेलं बी लगेच वाळवून, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून झाकणबंद डब्यात ठेवावं. घरात फ्रीज असेल तर पूर्ण वाळलेलं बी आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावं, आत लपलेल्या अळ्या मरतात. बी ओलसर असताना तसं केलं तर बीही मरतं.

पेरणी जूनमध्ये. बियाचं कवच टणक. तसंच पेरलं तर थोडंच उगवतं आणि बाकीचं वर्ष-दोन वर्षं मातीत पडून राहतं. कवच मोडायचं म्हणजे बियाच्या पाचपट पाणी उकळायचं, भांडं चुलीवरून उतरवायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग बी टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. चुलीवर असतानाच बी टाकलं तर कोंब शिजतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. सकाळी फुगलेलं बी त्याच दिवशी पेरावं. न फुगलेलं वेगळं काढून रेतीकागदावर हलकं घासून पुन्हा भिजवावं.

पिशवीत रोपं करायची तर दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा शेणखत. बी नखभर खोल, म्हणजे एक सेंटिमीटर. आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं. पिशव्या पहिल्यापासून उन्हात ठेवाव्यात. शेडनेटखाली रोज झारीनं पाणी घातलं की रोपाची मान सडते आणि ते आडवं पडतं. सोटमूळ फार लवकर खाली जातं, दीड-दोन महिन्यांत पिशवीच्या बुडाशी वेटोळं घालतं. असं वेटोळं झालेलं रोप माळावर पहिल्याच उन्हाळ्यात जातं. वीतभर उंचीला लावून टाकावं, जास्त मोठं होण्याची वाट बघू नये.

खरं तर माळासाठी पिशवीच नको. समतल चर खोदलेल्या उतारावर चराच्या खालच्या अंगाच्या भरावावर बी थेट टोकावं, हातभर अंतरानं दोन-तीन बिया. इथे एक काळजी घ्यावी: निम्मं बी गरम पाण्याचं आणि निम्मं तसंच कोरडं मिसळून पेरावं. माण-जतकडे मृगाचा पाऊस येतो आणि मग तीन-चार आठवडे आभाळ कोरडं जातं. सगळं बी प्रक्रिया केलेलं असेल तर ते एकदम उगवतं आणि एकदम वाळतं. कोरडं पेरलेलं थांबून राहतं, पुढच्या पावसाला किंवा पुढच्या वर्षी वर येतं.

कुंपणासाठी दोन ओळी, नागमोडी, एक-एक फुटावर. दुसऱ्या वर्षापासून शेंगा काढून झाल्या की माघ-फाल्गुनात गुडघ्याएवढं छाटावं. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, त्यामुळे तेव्हा छाटलेलं झुडूप नवरात्राला फुलतं. आषाढात किंवा श्रावणात छाटलं तर त्या वर्षीची फुलं गेलीच.

फुलांचा चहा मधुमेहावर म्हणून विकला जातो. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये. पानं आणि शेंगा रेचक आहेत, पोट बिघडतं.

डब्यावर गाव आणि महिना लिहून ठेवावा. जतचं बी जत-आटपाडीत आणि वर्धनगडाचं कोरेगाव-खटावात लावावं, दोन्ही एका डब्यात मिसळू नये. जतहून मिरजेला एस.टी. मिळते आणि मिरजेहून साताऱ्याची रेल्वे.